कायदा छापला, पण माग लागतो का?

23 ऑक्टोबर 2001 रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात 342 पानांचे एक विधेयक मांडले गेले. दुसऱ्या दिवशी ते 357 विरुद्ध 66 मतांनी संमत झाले, तिसऱ्या दिवशी सिनेटने 98 विरुद्ध 1 मतांनी त्याला मंजुरी दिली आणि चौथ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्यावर सही केली. हाच तो पेट्रियट कायदा. न वाचता केलेला कायदा म्हणून त्याच्यावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती रास्तच होती. पण ती अर्धी होती. समजा, सदस्यांना वाचायला महिनाभर मिळाला असता, तर त्यांच्या हाती काय लागले असते? या विधेयकाचा मोठा भाग जुन्या कायद्यांच्या दुरुस्त्यांचा होता. 1978 च्या परकीय टेहळणी कायद्यातल्या अमुक कलमातले तमुक शब्द वगळावेत, त्यांच्या जागी पुढील शब्द दाखल करावेत, अमक्या पोटकलमानंतर नवे पोटकलम घालावे, अशी पानांमागून पाने. ज्या मूळ कायद्यांत ही कापाकापी व्हायची होती, ते मात्र विधेयकात नव्हते. आपल्याकडे कुणी फेरफाराच्या नोंदी हातात द्याव्यात आणि सातबारा दाखवूच नये, तसा हा प्रकार. जमीन कुणाच्या नावावर चढली हे त्या नोंदींत असतेच, पण ते उमगते गावातल्या चार जाणत्यांनाच.

या मजकुरात गुप्त असे काही नव्हते. काँग्रेसची विधेयके 1995 पासून इंटरनेटवर फुकट वाचायला मिळत होती. छापण्याचे कर्तव्य पार पडले होते, तरीही कायदा कळण्याची सोय झालेली नव्हती. हे अंतर कशाने भरते? माझे म्हणणे असे, की ते अधिक पाने छापून किंवा अधिक संकेतस्थळे काढून भरत नाही. कायद्याच्या मजकुराला मुळातच एक रचना असते: हे कलम कोणते, दुरुस्ती कुणाची, ती कोणत्या तारखेपासून लागू, कोणत्या जुन्या कायद्याला हात घालणारी. ही रचना संगणकाला ओळखता येईल अशा ठरीव आणि खुल्या स्वरूपात सरकारने लोकांच्या हवाली केली, तरच ते अंतर कमी होऊ लागते. अमेरिकी काँग्रेसने हे करायला पाव शतक घेतले. त्या पाव शतकात या गोष्टीला विरोध करणारे कोण होते आणि त्यांची कारणे काय होती, हे तपासले की पारदर्शकतेबद्दलच्या आपल्या काही सोप्या समजुतींना धक्का बसतो.

राज्यसंस्था आणि नागरिक यांच्यातला जुना करार साधा होता. राज्याने कायदा प्रसिद्ध करायचा आणि नागरिकाने तो आपल्याला ठाऊक आहे असे धरून चालायचे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या कराराच्या दोन्ही बाजू दोन निकालांत स्पष्ट केल्या आहेत. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने 1923 मध्ये ठराव करून अफूचा एक कायदा केला, पण तो प्रसिद्धच केला नाही. पुढे त्याखाली हरला नावाच्या माणसाला पन्नास रुपये दंड झाला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1951 मध्ये न्यायमूर्ती विवियन बोस यांनी (ते त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते) निकाल दिला, की जो कायदा लोकांपर्यंत पोहोचवलाच नाही, तो लोकांना बांधील नाही. दुसरी बाजू 1964 मध्ये दिसली. झुरिचहून मनिलाला निघालेला मायर हान्स जॉर्ज हा जर्मन प्रवासी नोव्हेंबर 1962 मध्ये मुंबईच्या विमानतळावर 34 किलो सोन्यासह सापडला. सोने नेण्यावरची नवी अधिसूचना भारताच्या राजपत्रात छापून आली होती ती चारच दिवसांपूर्वी. परक्या देशातल्या प्रवाशाने ती कुठे वाचायची, असा त्याच्या बचावाचा रोख होता. न्यायालयाने बहुमताने सांगितले, की राजपत्रात छापले की पुरे. म्हणजे छापल्याशिवाय कायदा नाही, आणि छापल्यावर सबब नाही. हा करार कायदे थोडे आणि आटोपशीर होते त्या काळाला शोभणारा होता. कायदे जेव्हा एकमेकांच्या पोटात शिरू लागले, तेव्हा तो तोकडा पडला.

तो तोकडा पडतो आहे, ही तक्रार सर्वांत आधी नागरिकांनी केली नाही, खुद्द आमदार-खासदारांनी केली. आयोवाचे प्रतिनिधी ख्रिश्चन रॅम्सेयर यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम अमेरिकी प्रतिनिधिगृहाने 1929 मध्ये स्वीकारला. समितीने एखादे दुरुस्ती विधेयक सभागृहापुढे पाठवताना जुन्या कायद्याचे कोणते शब्द जाणार आणि कोणते येणार, हे अहवालात समोरासमोर छापून दाखवावे, असा तो नियम. सिनेटनेही पुढे तसाच नियम केला. तो कॉर्डन नियम म्हणून ओळखला जातो. या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. दुरुस्तीचा मजकूर एकटा वाचून कायदा कळत नाही, हे कायदे करणाऱ्यांनीच लेखी मान्य केले होते आणि स्वतःपुरता उपायही शोधला होता. मात्र तो उपाय हाताने करायचा होता, समितीच्या अहवालापुरता होता आणि समितीला वळसा घालून आलेल्या विधेयकांना तो लागूच होत नव्हता. पेट्रियट कायदा ज्या घाईने झाला, त्या घाईत असली तुलना कोण छापत बसणार?

5 जानेवारी 1995 रोजी लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘थॉमस’ हे संकेतस्थळ सुरू केले. नाव थॉमस जेफरसन यांचे, आग्रह प्रतिनिधिगृहाचे नवे सभापती न्यूट गिंग्रिच यांचा. चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृहात बहुमत मिळवलेल्या रिपब्लिकन पक्षाला आपण काही वेगळे करतो आहोत हे दाखवायचे होते, हा भाग उघड आहे. पण हेतू राजकीय होता म्हणून काम लहान ठरत नाही. तोवर विधेयकाची प्रत हवी असेल तर वॉशिंग्टनमध्ये कुणी ओळखीचे असावे लागे, नाहीतर ‘काँग्रेशनल क्वार्टर्ली’सारख्या सेवांची महागडी वर्गणी भरावी लागे. थॉमसमुळे विधेयकाचा मजकूर, त्याचा प्रवास आणि सभागृहातली भाषणे कुणालाही घरबसल्या वाचता येऊ लागली. पण थॉमस हे वाचनालय होते. एका वेळी एक विधेयक काढून वाचा, असा त्याचा शिरस्ता. माझ्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीने गेल्या दहा वर्षांत कोणकोणत्या विधेयकांना अनुमोदन दिले, त्यांपैकी किती समितीतच मेली, एखाद्या कायद्याच्या एका विशिष्ट कलमाला आजवर किती विधेयकांनी हात घातला, असले प्रश्न त्याला विचारता येत नव्हते. उत्तरे मागच्या डेटाबेसात होती. तो डेटाबेस मात्र कुणाला दिला जात नव्हता.

इथे एक विचित्र गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ही रचना नव्याने घडवायची होती असे नव्हे. ती काँग्रेसच्या कचेऱ्यांत आधीपासून होती. लिंकन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली त्याच दिवशी, 4 मार्च 1861 रोजी, सुरू झालेल्या सरकारी मुद्रणालयात विधेयके छापायची तर कलमाचा आकडा कुठे, शीर्षक कुठे, वगळलेला मजकूर कुठला, हे जुळाऱ्याला सांगावेच लागे. पुढे जुळणी संगणकावर गेली तशा या सूचना सांकेतिक खुणांच्या रूपात मजकुरातच घातल्या जाऊ लागल्या. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत प्रतिनिधिगृहाच्या विधेयक-मसुदा कार्यालयातली बहुतेक विधेयके एक्सएमएल या खुल्या स्वरूपात लिहिली जात होती. एक्सएमएलमध्ये मजकुराच्या प्रत्येक तुकड्याभोवती तो तुकडा काय आहे हे सांगणारी खूण असते: हे कलम, हे पोटकलम, हा विधेयक मांडणारा सदस्य, हा दुसऱ्या कायद्याचा संदर्भ. पीडीएफमध्ये माणसाला ठळक अक्षर दिसते. एक्सएमएलमध्ये संगणकाला कळते, की ते ठळक अक्षर म्हणजे कलमाचे शीर्षक आहे. काँग्रेसने हे केले ते छपाई सोपी व्हावी म्हणून, पारदर्शकतेसाठी नव्हे. मजकुराच्या सुट्या एक्सएमएल प्रती हळूहळू बाहेर मिळूही लागल्या. पण विधेयक कोणी मांडले, कोणत्या समितीत अडले, कधी मतदान झाले, हा सगळा माग थॉमसच्या पोटातच राहिला.

तो बाहेर काढला एका विद्यार्थ्याने. जोशुआ टॉबरर हे भाषाशास्त्र शिकत होते, वकील नव्हते आणि कोणत्या पक्षाचेही नव्हते. 2004 मध्ये त्यांनी ‘गव्हट्रॅक’ सुरू केले. थॉमसची हजारो पाने एका प्रोग्रॅमने उतरवून घ्यायची, त्यांतली मांडणी ओळखून त्यांतून विधेयक, प्रतिनिधी, तारीख, टप्पा असे घटक वेगळे काढायचे, आणि त्यांतून नागरिकाला हवा तो माग दाखवायचा, अशी त्यांची पद्धत. संगणकवाले याला पाने खरवडणे म्हणतात आणि शब्द अगदी चपखल आहे. सरकारकडे नीट रचलेला डेटा आहे, सरकार तो पानांवर सपाट करून मांडते, आणि एक विद्यार्थी ती पाने खरवडून पुन्हा तोच डेटा तयार करतो, अशी ही उलटी गंगा होती. थॉमसने पानाची मांडणी जराशी बदलली की प्रोग्रॅम कोलमडत असे. तरीही टॉबरर यांनी हा खरवडलेला डेटा स्वतःपाशी न ठेवता सगळ्यांना फुकट दिला, आणि त्यावर इतरांनी आपापली कामे उभी केली. 2007 मध्ये निघालेले ‘ओपनकाँग्रेस’ त्यांतले ठळक. अमेरिकी संसदेचा सर्वांत उपयोगी खुला डेटा काही वर्षे संसदेकडे नव्हता. तो एका विद्यार्थ्याच्या फावल्या वेळातल्या उद्योगावर उभा होता. हे वाक्य वाचून कौतुक वाटते, पण खरे तर काळजी वाटायला हवी.

याच काळात मागणीला शिस्त आली. सनलाइट फाउंडेशन या वॉशिंग्टनच्या संस्थेच्या पाठिंब्याने 2007 च्या मे महिन्यात प्रतिनिधिगृहासाठी एक सविस्तर शिफारसपत्र निघाले. त्यात विधेयकांचा डेटा घाऊक स्वरूपात द्या, ही मागणी ठळकपणे होती. त्याच वर्षी डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या सेबॅस्टोपोल गावी तीसेक मंडळी जमली. त्यांत प्रकाशक टिम ओरायली होते, सरकारी दस्तऐवज लोकांना फुकट मिळावेत म्हणून वर्षानुवर्षे झगडणारे कार्ल मालामूद होते, घटनातज्ज्ञ लॉरेन्स लेसिग होते, टॉबरर होते आणि तेव्हा विशीत असलेले ॲरन स्वॉर्ट्झ होते. त्यांनी खुल्या सरकारी डेटाची आठ तत्त्वे लिहून काढली. डेटा पुरता असावा, मूळ स्वरूपात असावा, वेळेवर मिळावा, यंत्राला वाचता यावा, एखाद्या कंपनीच्या मालकीच्या स्वरूपात अडकलेला नसावा, अशी ती साधी वाक्ये होती. त्यांचे महत्त्व असे, की ‘आम्ही संकेतस्थळावर टाकले आहे’ या सरकारी उत्तराला प्रथमच मोजपट्टी मिळाली. किती टाकले हा प्रश्न मागे पडला आणि कसे टाकले हा पुढे आला.

2009 च्या खर्च विधेयकासोबतच्या निवेदनात कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट प्रतिनिधी माइक होंडा यांनी घाऊक डेटाच्या बाजूची वाक्ये घालून घेतली. 2011 च्या एप्रिलमध्ये सभापती जॉन बेनर आणि बहुमताचे नेते एरिक कँटर या रिपब्लिकनांनी सभागृहाच्या सचिवालयाला पत्र लिहून खुल्या स्वरूपांचा आग्रह धरला. दोन्ही पक्षांची वरची मंडळी अनुकूल असताना गाडे अडायला नको होते. ते अडले 2012 मध्ये, विनियोजन समितीच्या अहवालाच्या मसुद्यात. समितीची शंका अशी: आज सरकारी मुद्रणालय देते ती पीडीएफ डिजिटल सहीने प्रमाणित असते. एकदा कच्चा डेटा घाऊक बाहेर पडला, तो दहा ठिकाणी फिरला, कुणी त्यात चूक केली किंवा मुद्दाम बदल केला, तर हा काँग्रेसचाच मजकूर आहे याची हमी कोण देणार?

ही शंका झिडकारण्याजोगी नाही. कायद्याच्या मजकुरात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर खटले उभे राहतात, आणि ज्या कचेरीने दीडशे वर्षे बिनचूक प्रत काढण्यावर आपली प्रतिष्ठा उभी केली, तिला ही धास्ती वाटणे साहजिक आहे. पण युक्तिवाद म्हणून ती टिकत नाही. फिरणारा डेटा आधीच फिरत होता. तो पाने खरवडून काढलेला होता, म्हणजे चुकांना अधिक वाव असलेला होता. मूळ स्रोताने शुद्ध डेटा रोखून धरला की लोक डेटाशिवाय राहत नाहीत, ते अशुद्ध डेटा वापरतात. शिवाय प्रमाणित पीडीएफ जागच्या जागीच राहणार होती. शंका आली तर तिच्याशी ताडून पाहायला कुणाची आडकाठी नव्हती. उलट मूळ डेटाच सगळ्यांच्या हाती असेल, तर कुणी केलेली लबाडी इतरांना चटकन पकडता येते. छापखान्याच्या काळात प्रत्येक वकील खासगी प्रकाशकाने छापलेल्या कायद्याच्या पुस्तकावरच काम करत असे, आणि तेव्हा अधिकृततेच्या नावाने कुणी पुस्तके बंद केली नव्हती.

प्रतिनिधिगृहाच्या नेतृत्वाने जून 2012 मध्ये जाहीर केले, की घाऊक डेटा हा अग्रक्रमाचा विषय आहे, आणि त्यासाठी कृती गट नेमला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला निर्णायक क्षण हाच. त्याचे कारण घोषणा हे नाही, कृती गटाची घडण हे आहे. मसुदा लिहिणारे, छापणारे, ग्रंथालयवाले आणि सचिवालयवाले असे आजवर एकमेकांकडे बोट दाखवणारे कारकुनी विभाग एका टेबलाशी बसले आणि बाहेरच्या खरवडणाऱ्यांनाही बैठकांना बोलावले गेले. त्यानंतरच्या घटना भराभर सांगता येतात. जानेवारी 2013 पासून सरकारी मुद्रणालयाने प्रतिनिधिगृहाची विधेयके एक्सएमएलमध्ये घाऊक द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी जुलैत संपूर्ण अमेरिकी संहिता एका ठरीव एक्सएमएल साच्यात प्रसिद्ध झाली. 2014 च्या अखेरीस त्या मुद्रणालयाच्या नावातले ‘मुद्रण’ जाऊन ‘प्रकाशन’ आले. 2016 च्या सुरुवातीला विधेयकांच्या प्रवासाचा डेटाही खुला झाला, म्हणजे टॉबरर बारा वर्षे जो खरवडत होते तोच, आणि जुलैत थॉमस बंद झाले. ओपनकाँग्रेस त्याच वर्षी मिटले, सनलाइट फाउंडेशन 2020 मध्ये. देणग्यांवर चालणारे मध्यस्थ येतात आणि जातात. म्हणून तर मूळ डेटा सरकारच्या घरून, नेमाने आणि ठरलेल्या साच्यात येणे महत्त्वाचे.

हा प्रयोग अमेरिकेतच झाला असेही नाही. आफ्रिकी संसदांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या एका उपक्रमातून ‘अकोमा न्तोसो’ हे संसदीय दस्तऐवजांचे एक्सएमएल मानक निघाले. त्याची आखणी इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाचे फाबिओ व्हिताली आणि मोनिका पाल्मिरानी यांनी केली आणि 2018 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने 2010 मध्ये कायद्यांचे जे संकेतस्थळ काढले, तिथे प्रत्येक कलमाला स्वतःचा कायमचा पत्ता आहे, आणि पुष्कळ कायदे अमुक तारखेला कसे होते हेही पाहता येते. सातबारा सरकारने स्वतःच अद्ययावत ठेवायचा, ही ब्रिटिश पद्धत मला अमेरिकी पद्धतीहून सरस वाटते.

आता आक्षेपांकडे. सर्वांत वरचेवर ऐकू येणारा असा: हे वाचते कोण? सामान्य माणूस एक्सएमएल उघडत नाही; फायदा होतो तो दबावगटांचा आणि कंपन्यांचा. पहिले वाक्य खरे आहे, दुसरे नाही. दबावगटांना माग काढण्याची सोय 1995 च्या आधीही होती, कारण त्यांच्याकडे वर्गणीला पैसे होते. खुल्या डेटाने त्यांना नवे काही दिले नाही. जे त्यांच्याकडे होते ते जिल्हा वर्तमानपत्राच्या बातमीदाराला, छोट्या संघटनेला, विद्यापीठातल्या संशोधकाला दिले. कायद्याची पारदर्शकता नेहमीच मध्यस्थांमार्फत चालते. अर्थसंकल्प तरी किती जण मुळातून वाचतात? प्रश्न मध्यस्थ असावेत की नसावेत हा नाही. मध्यस्थ व्हायला किती पैसे लागतात हा आहे.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. 1970 च्या सुधारणा कायद्याने प्रतिनिधिगृहातल्या दुरुस्त्यांवरचे मतदान नावानिशी नोंदवले जाऊ लागले. त्यामुळे मतदारांपेक्षा दबावगटांनाच सदस्यांवर पाळत ठेवणे सोपे झाले आणि खुल्या मनाने तडजोड करणे अवघड झाले, असे काही अभ्यासक मानतात. या म्हणण्यात तथ्य असू शकते. पण मजकुराचे मानक वाटाघाटींच्या खोलीत कॅमेरा लावत नाही. ते फक्त खोलीतून बाहेर आलेला कागद वाचण्याजोगा करते. बंद दाराआड तडजोड करण्याचा हक्क मान्य केला, तरी तिचा निष्कर्ष लोकांना कळू नये असा हक्क त्यातून निघत नाही.

मानकाची मर्यादा मात्र तिसऱ्याच ठिकाणी आहे आणि ती त्याच्या समर्थकांनी मान्य करायला हवी. 21 डिसेंबर 2020 रोजी 5,593 पानांचे खर्च आणि करोना मदतीचे विधेयक जाहीर झाले आणि त्याच रात्री दोन्ही सभागृहांत संमत झाले. विधेयक मतदानाआधी 72 तास उपलब्ध असावे, हा नियम प्रतिनिधिगृहाने जवळजवळ दोन वर्षे आधीच केला होता. तो बाजूला सारला गेला. डेटा कितीही उत्तम असो, तो वेळ विकत आणत नाही. पेट्रियट कायद्याचे कलम 215 याहून बोलके आहे. त्याचा मजकूर पहिल्या दिवसापासून सर्वांसमोर होता. पण सरकारने आणि गुप्त न्यायालयाने त्याचा काय अर्थ लावला, म्हणजे कोट्यवधी लोकांच्या दूरध्वनींच्या नोंदी सरसकट गोळा करायची मुभा, हे जगाला 2013 मध्ये एडवर्ड स्नोडेन यांच्यामुळे कळले. शब्द उघडे आणि अर्थ कुलपात, अशी स्थिती असेल तर कोणतेही मानक अपुरे पडणार. म्हणून खुला डेटा ही पारदर्शकतेची पुरेशी अट आहे असे मी म्हणत नाही. ती आवश्यक अट आहे, आणि ती पुरी झाली नाही तर बाकीच्या अटींवरची चर्चा तज्ज्ञांच्या बैठकीपलीकडे जात नाही.

आपल्याकडची स्थिती या कसोटीवर लावली तर 1995 आणि 2004 यांच्यामध्ये कुठेतरी बसते. केंद्राचे राजपत्र 2015 पासून छापील ऐवजी इलेक्ट्रॉनिक निघते, पण ते पीडीएफ आहे. ‘इंडिया कोड’वर केंद्राचे आणि राज्यांचे अधिनियम कलमवार वाचता येतात, ही मोठी सोय. मात्र संसदेत काय चालले आहे याचा सुबोध माग हवा असेल, तर पाहावे लागते 2005 मध्ये सुरू झालेल्या पीआरएस या बिगरसरकारी संस्थेकडे. कोणतेही विधेयक मांडण्याआधी त्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा, असे केंद्राचे 2014 चे धोरण आहे, पण ते धोरण आहे, कायदा नव्हे. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक शासन निर्णयाला संगणक सांकेतांक दिलेला असतो; एका अर्थी तो त्या दस्तऐवजाचा कायमचा पत्ताच आहे, आणि ही कल्पना ज्याला सुचली त्याला दाद द्यायला हवी. पण हा निर्णय आधीच्या कोणत्या निर्णयाला रद्द करतो किंवा बदलतो, हे त्याच सांकेतांकाच्या साखळीने दाखवले जात नाही. ‘संदर्भ’ म्हणून वर चार ओळी असतात, त्या माणसाने वाचून ताडायच्या. जुन्या मराठी दस्तऐवजांत तर युनिकोडपूर्व फाँटमधला मजकूर आहे. तो उचलून दुसरीकडे चिकटवला की अक्षरांचा चिवडा होतो. आणि 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात आजही असे आहे, की विधिमंडळाचा अधिनियम पुनर्मुद्रित करायचा तर सोबत भाष्य किंवा अन्य मूळ मजकूर असावा. न्यायालयाने ज्याला छापल्याशिवाय कायदा म्हणू नका असे सांगितले, तोच कायदा निव्वळ छापायला अट असावी, हे कोडे कुणी तरी सोडवायला हवे.

अमेरिकेतली गोष्टही पुरी झालेली नाही. 1929 च्या रॅम्सेयर नियमाने हाताने जी तुलना मागितली होती, ती संगणकाने करून देणारी सोय प्रतिनिधिगृहाच्या सचिवालयाने 2022 मध्ये सर्व कार्यालयांना दिली. विधेयक टाकले की ते प्रचलित कायद्यात नेमके काय काढणार आणि काय घालणार, हे रंगीत खुणांनी समोर येते. एक्सएमएलमधला सगळा मजकूर हाताशी नसता तर हे जमलेच नसते. ही सोय सुरू झाली ती सभागृहाच्या सदस्यांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी. नागरिकांसाठी ती खुली केली गेली नाही.